पहार कुठे लावायची? डोनेला मेडोज यांची गोष्ट

या मालिकेत आपण बहुतेक वेळा आपल्या मातीतल्या बायकांबद्दल ऐकलं. आज जरा लांब जायचं आहे, अमेरिकेला. ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहोत त्या शास्त्रज्ञ होत्या, शिक्षिका होत्या, वर्तमानपत्रात लिहायच्या आणि मेंढ्याही पाळायच्या. जगाचं पुढच्या शंभर वर्षांत काय होऊ शकतं याचा हिशेब त्यांनी मांडला, म्हणून जगभर नाव झालं. पण आम्हाला त्या आवडल्या त्या वेगळ्याच कारणासाठी. ते कारण पुढे येईलच.

आधी एक कोडं. एका तळ्यात कमळाचा वेल आहे. तो रोज दुप्पट होतो. तिसाव्या दिवशी तो सगळं तळं झाकून टाकणार आणि पाण्यातलं बाकी सगळं जीवन गुदमरणार. तर अर्धं तळं कितव्या दिवशी झाकलेलं असेल? आमच्या बैठकीत हे विचारलं तेव्हा बहुतेकींनी पंधरावा दिवस सांगितला. उत्तर आहे एकोणतिसावा. पंचविसाव्या दिवशी तुम्ही काठावर उभ्या राहिलात तर तळ्याचा जेमतेम बत्तिसावा हिस्सा झाकलेला दिसेल. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वेलाची काय काळजी? आणि हातात दिवस उरलेले असतात पाच.

हे कोडं फ्रान्समधलं, मुलांना घालायचं. ते जगभर पोचलं १९७२ साली, एका पुस्तकातून. पुस्तकाचं नाव 'लिमिट्स टू ग्रोथ', म्हणजे वाढीच्या मर्यादा. ते लिहिणाऱ्या चौघांत पहिलं नाव होतं डोनेला मेडोज. तेव्हा त्यांचं वय एकतीस.

डोनेलाबाईंचा जन्म १३ मार्च १९४१ चा, इलिनॉय राज्यातल्या एल्जिन गावचा. ओळखीचे लोक त्यांना डॅना म्हणत. रसायनशास्त्र घेऊन त्या १९६३ साली पदवीधर झाल्या आणि १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी जीवभौतिकीत डॉक्टरेट घेतली. पुढे एखाद्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं असतं. पण त्या आणि त्यांचे पती डेनिस १९६९ साली प्रवासाला निघाले. इंग्लंडपासून श्रीलंकेपर्यंत आणि परत, सगळं मिळून वर्षभर. परत आल्यावर दोघंही मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत जे फॉरेस्टर नावाच्या प्राध्यापकांकडे कामाला लागले.

हे फॉरेस्टर नेब्रास्कातल्या गुरं पाळणाऱ्या घरातले. सुरुवातीला संगणक बनवणारे इंजिनिअर. नंतर त्यांनी कारखाने आणि शहरं अशी का वागतात हे संगणकावर मांडायला सुरुवात केली. त्यांची रीत समजायला अवघड नाही. आपल्या गटाची पेटी घ्या. पेटीत असतो तो साठा. दर महिन्याची बचत, व्याज आणि परतफेड ही आवक. कर्जवाटप ही जावक. आवक जास्त तर साठा वाढतो, जावक जास्त तर आटतो. डोनेलाबाई न्हाणीच्या टबाचं उदाहरण द्यायच्या, वरून नळ आणि खालून मोरी. आपल्याला विहीर चालेल.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. खरी गंमत पुढे आहे. साठ्याकडे बघून आपण आवक-जावक बदलतो. पेटीत पैसे कमी दिसले की अध्यक्षताई म्हणतात, या महिन्यात मोठं कर्ज नको. हा झाला आवरणारा फेरा. दुसरा फेरा असतो वाढवत नेणारा. महिना दोन टक्क्यांनी घेतलेलं कर्ज कोणी फेडलंच नाही आणि व्याजावर व्याज चढत गेलं, तर साधारण तीन वर्षांत ते दुप्पट होतं, सहा वर्षांत चौपट. यात कोणी लबाडी करत नाही. फेराच तसा आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे उशीर. आज केलेल्या गोष्टीचा परिणाम आज दिसत नाही. बोअर घेतली त्या वर्षी पाणी भरपूरच लागतं.

साठे, फेरे आणि उशीर. या तीन गोष्टी एकमेकांत गुंतल्या की जे तयार होतं त्याला इंग्रजीत सिस्टीम म्हणतात, आपण व्यवस्था म्हणू. डोनेलाबाईंनी जन्मभर हेच सांगितलं की व्यवस्था जशी वागते ती बहुतेक वेळा तिच्या आतल्या घडणीमुळे वागते. माणसं बदलली आणि घडण तीच राहिली, तर नवी माणसंही जुन्यासारखीच वागायला लागतात. सचिव बदलूनही भांडणं तीच राहिलेले गट ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं पटवून द्यायला नको.

आता पुस्तकाकडे येऊ. ऑरेलिओ पेच्चेई नावाच्या एका इटालियन उद्योगपतीने १९६८ साली काही शास्त्रज्ञ, अधिकारी, विचारवंत गोळा केले. या मंडळाला क्लब ऑफ रोम म्हणतात. त्यांना काळजी अशी होती की गरिबी, प्रदूषण, वाढती शहरं, संपत चाललेली खनिजं हे सगळे प्रश्न वेगवेगळ्या खात्यांकडे वाटलेले आहेत, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. १९७० साली त्यांची फॉरेस्टरांशी गाठ पडली. बैठकीहून परतताना विमानातच फॉरेस्टरांनी जगाचा पहिला आराखडा कागदावर काढला. मग डेनिस यांच्या देखरेखीखाली सतरा जणांच्या गटाने तो मोठा केला. त्यात पाच गोष्टी होत्या: लोकसंख्या, अन्न, कारखान्यांचं उत्पादन, प्रदूषण आणि जमिनीतून काढली की परत न भरणारी साधनं, म्हणजे तेल, कोळसा, धातू. यातली प्रत्येक गोष्ट बाकीच्या चारींना कुठे ढकलते, कुठे रोखते, हे संगणकाला सांगायचं आणि वर्षामागून वर्ष पुढे चालवत न्यायचं.

निष्कर्ष सोप्या भाषेत लिहून काढण्याचं मोठं काम डोनेलाबाईंनी केलं. जेमतेम दोनशे पानांचं पुस्तक. ते तीसेक भाषांत गेलं आणि लाखो प्रती खपल्या. त्यात सांगितलं होतं ते एवढंच: आहे तशीच वाढ चालू राहिली तर येत्या शंभर वर्षांत केव्हातरी पृथ्वीच्या मर्यादा लागतील आणि मग लोकसंख्या आणि उत्पादन दोन्ही एकदम कोसळण्याचा संभव सगळ्यात जास्त. त्यांनी वेगवेगळ्या बारा शक्यता चालवून पाहिल्या. समजा जमिनीतली साधनं दुप्पट निघाली तर? तर प्रदूषणाने गाडी कोसळते. नवी यंत्रं, जास्त पीक असं एकेक जोडून पाहिलं, तर बहुतेकदा कोसळणं नुसतं पुढे ढकललं जातं. पण वाढ वेळेत आवरली तर प्रत्येकाच्या मूलभूत गरजा भागतील असं स्थिर जग उभं करता येतं, हेही त्याच पुस्तकात होतं. जितकं लवकर सुरू करू तितकी संधी जास्त. हा भाग लोकांनी फारसा वाचला नाही.

टीका भरपूर झाली. अर्थशास्त्रज्ञ म्हणाले, एखादी वस्तू कमी झाली की भाव वाढतो, मग माणूस पर्याय शोधतो, हे या मंडळींनी धरलंच नाही. पुढे कोणीतरी उठवलं की सन २००० पर्यंत तेल संपेल असं या पुस्तकात लिहिलं होतं आणि ते खोटं ठरलं. पुस्तकात तसं भाकीत नव्हतं. त्यांनी भविष्य वर्तवलंच नव्हतं, असं केलं तर असं होईल आणि तसं केलं तर तसं, एवढंच मांडलं होतं. पुढे २००८ साली ग्रॅहम टर्नर यांनी मधल्या तीस वर्षांचे खरे आकडे त्या जुन्या आलेखांवर ठेवून पाहिले. 'आहे तसंच चालू दे' ही जी शक्यता होती, तिच्याशी ते बरेच जुळले.

आमची शंका मात्र वेगळी आहे. १९७२ म्हटलं की आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं? दुष्काळ, सुकडी, खडी फोडण्याची कामं. त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची जागतिक परिषद झाली. तिथे इंदिरा गांधींनी मांडलं की गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाचं बोलता येणार नाही. ज्यांच्या ताटात अजून पुरेशी भाकरी नाही त्यांना 'वाढ थांबवा' कसं सांगणार? पुस्तकातल्या आराखड्यात जग म्हणजे एकच सरासरी होती. अमेरिकेतल्या मोटारवाल्याचा आणि खडी फोडणाऱ्या बाईचा रकाना एकच. ही त्या कामातली मोठी उणीव होती असं आम्हाला वाटतं.

डोनेलाबाईंनी हा प्रश्न टाळला नाही. १९९० साली त्यांनी एक छोटा लेख लिहिला. जग म्हणजे हजार माणसांचं एक गाव आहे असं समजा. त्यात ५८४ जण आशियातले, १२४ आफ्रिकेतले आणि उत्तर अमेरिकेतले फक्त ५२. गावच्या एकूण उत्पन्नातला तीन चतुर्थांश वाटा दोनशे जणांकडे जातो. दुसरे दोनशे जण अवघ्या दोन टक्क्यांवर जगतात. पुढे कोणीतरी हजाराचे शंभर केले आणि 'जग जर शंभर माणसांचं गाव असतं तर' या नावाने तो मजकूर जगभर फिरला, बहुतेक वेळा लिहिणारीच्या नावाशिवाय. बायकांच्या कामाचं असं होतंच, पण ते राहू द्या.

पुस्तक आलं त्याच वर्षी त्या न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात शिकवायला लागल्या आणि पुढची एकोणतीस वर्षं त्या कॉलेजशी जोडलेल्या राहिल्या. जवळच प्लेनफील्ड नावाच्या खेड्यात त्यांची शेती होती. एकटीची नव्हे, तिथे आणखी मंडळीही एकत्र राहायची. खतं-औषधं न घालता भाजी पिकवायची, मेंढ्या पाळायच्या. मित्रमंडळींना त्या दर महिन्याला पत्र पाठवायच्या, त्यात कोकरांची आणि भाजीची खबर असायची आणि मध्येच जगाच्या तापमानाची. १९८५ पासून त्यांनी वर्तमानपत्रांसाठी दर आठवड्याला सदर लिहायला घेतलं. ते वीसहून जास्त वर्तमानपत्रांत छापून यायचं. १९९४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा सन्मान मिळाला.

त्यांनी आणि डेनिस यांनी आणखी एक काम केलं. त्या काळी अमेरिका आणि रशिया यांच्यात वैर होतं, दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ सहज भेटू शकत नव्हते. हंगेरी देशात बालाटन नावाचं मोठं सरोवर आहे. तिथे दोन्हीकडच्यांना यायला जमायचं. १९८२ पासून दर वर्षी तिथे वेगवेगळ्या देशांतले अभ्यासक जमायला लागले. या गटाचं नावच बालाटन ग्रुप पडलं.

आता आम्हाला त्या का आवडल्या ते सांगतो. नव्वदीच्या दशकात त्या एका बैठकीला बसल्या होत्या. जगाच्या व्यापाराचे नवे नियम, नवे करार, जागतिक व्यापार संघटना यांवर चर्चा चालली होती. डोनेलाबाई ऐकत होत्या आणि आतून चिडत होत्या. एवढी प्रचंड नवी व्यवस्था उभी राहते आहे, पण ती कशी वागेल याची इथे कोणाला कल्पना नाही! त्या ताडकन उठल्या, पुढे गेल्या, फळ्यावरच्या कागदाचं नवं पान उलटलं आणि एक यादी लिहून काढली. एखाद्या व्यवस्थेला हलवायचं असेल तर ढकलायचं कुठे, याची यादी. आधी नऊ जागा होत्या. पुढे विचार करून १९९९ साली त्यांनी त्या बारा केल्या.

शेतातला मोठा धोंडा हलवायचा तर आपण काय करतो? पहार घेतो आणि टेकू बघतो. टेकू चुकला तर चार माणसांनी जोर लावूनही धोंडा जागचा हलत नाही. बरोबर लागला तर एकटी बाई हलवते. डोनेलाबाईंची यादी म्हणजे टेकूंच्या जागांची यादी, सगळ्यात कमजोर जागेपासून सगळ्यात भक्कम जागेपर्यंत.

आणि सगळ्यात कमजोर जागा कोणती सांगितली? आकडे. अनुदान किती, कर किती, दर किती. माणसांचं जवळजवळ सगळं लक्ष आकड्यांवर असतं आणि आकड्यांनी व्यवस्था क्वचितच बदलते, असं त्या म्हणायच्या. हे वाचलं तेव्हा आम्ही हसलो. व्याज दोन टक्के ठेवायचं की दीड, यावर आपल्या किती बैठका गेल्या आहेत? त्याने काहीच फरक पडत नाही असं नाही. ज्या बाईला तो अर्धा टक्का भरायचा आहे तिला पडतोच. पण कर्ज कोणाला मिळतं, कोणाला मिळत नाही, ते का, हे दीड टक्क्याने बदलत नाही.

आकड्यांच्या बऱ्याच वर त्यांनी खबरीला जागा दिली. म्हणजे कोणाला काय माहीत होतं आणि केव्हा. याची त्यांनी दिलेली गोष्ट नेदरलँड्सची आहे. ॲमस्टरडॅमजवळ एका वसाहतीत सगळी घरं एकसारखी होती. फरक इतकाच की काही घरांत विजेचं मीटर तळघरात होतं आणि काही घरांत पुढच्या दाराशी, येता-जाता दिसेल असं. दर तोच, माणसं तशीच. तरी दाराशी मीटर असलेल्या घरांत वीज एक तृतीयांशाने कमी जळायची. दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९८६ साली तिथे कायदा झाला की कारखान्यांनी हवेत किती विषारी द्रव्यं सोडली हे दर वर्षी जाहीर करायचं. दंड नाही, मर्यादा नाही, फक्त जाहीर करायचं. यादी छापून यायला लागली, आपल्या गावातला कारखाना यादीत कितवा आहे हे लोकांना दिसायला लागलं. १९९० पर्यंत जाहीर होणारं प्रमाण चाळीस टक्क्यांनी उतरलं होतं.

खबरीच्याही वर नियम, म्हणजे नियम कोण करतं हे. त्याच्या वर व्यवस्थेचा हेतू, ती कशासाठी चालवली जाते. आणि त्याच्याही वर, तो हेतू ज्या समजुतीतून निघाला ती समजूत. जितकी जागा भक्कम, तितकी व्यवस्था तिथे हात लावू देत नाही, हेही त्यांनी बजावून ठेवलं होतं. शिवाय त्यांचे गुरू फॉरेस्टर सांगायचे की लोकांना पुष्कळदा बरोबर जागा सापडते, पण ते जोर लावतात उलट्या दिशेला.

डोनेलाबाई २० फेब्रुवारी २००१ रोजी गेल्या. मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग झाला आणि थोड्याच दिवसांत संपलं. वय एकोणसाठ. त्या वेळी शेजारच्या व्हरमाँट राज्यात हार्टलँड इथे त्या नवी वस्ती उभी करत होत्या. एकत्र शेती, गाई, जवळजवळ बांधलेली छोटी घरं. ती त्यांना पुरी झालेली दिसली नाही, पण उभी राहिली आणि तिथे दुधाचं चीज बनायला लागलं. व्यवस्थांचा विचार कसा करायचा यावरचं त्यांचं एक हस्तलिखित १९९३ पासून ओळखीच्या लोकांत हातोहात फिरत होतं. डायना राइट यांनी ते नीट करून २००८ साली छापलं. 'थिंकिंग इन सिस्टिम्स' हे ते पुस्तक.

त्यात सापळ्यांचं एक प्रकरण आहे. त्यातली एक गोष्ट आम्ही प्रत्येक किशोरी मेळाव्यात सांगतो, तुम्हालाही सांगतो. रुमानिया देशात सरकारला लोकसंख्या वाढवायची होती. १९६६ च्या अखेरीस चाउशेस्कू सरकारने पंचेचाळीस वर्षांखालच्या बायकांना गर्भपाताची बंदी केली. लगेच जन्मदर तिपटीच्या घरात गेला. सरकार खूश. मग हळूहळू तो जवळजवळ पूर्वीच्या जागी परत आला. बंदी तशीच होती, साधनंही मिळत नव्हती. बायकांनी चोरून, जिवावर उदार होऊन गर्भपात करून घेतले. बाळंतपणात आणि गर्भारपणात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण तिप्पट झालं. जी मुलं नको असताना झाली, त्यातली कित्येक अनाथाश्रमांत टाकली गेली. सरकार एकीकडे ओढत होतं आणि घराघरांतली बाई दुसरीकडे, कारण तिला माहीत होतं की आणखी एक मूल आपण पोसू शकत नाही.

स्वीडनमध्येही १९३० च्या दशकात जन्मदर फार उतरला होता. तिथेही सरकारला काळजी लागली. पण त्यांनी आधी विचारलं की सरकारला आणि बायकांना दोघांनाही हवं असं काय आहे? मुलांची संख्या यावर एकमत नव्हतं. पण प्रत्येक मूल हवं असलेलं असावं आणि त्याचं नीट संगोपन व्हावं, यावर होतं. म्हणून त्यांनी संततिनियमन मोकळं केलं, लैंगिक शिक्षण आणलं, बाळंतपण फुकट केलं, गरजू कुटुंबांना मदत दिली, शाळा आणि दवाखाने वाढवले. लोकसंख्या कमी होते म्हणून घाबरलेल्या देशाने गर्भनिरोधक साधनं मोकळी केली! तेव्हापासून तिथला जन्मदर वर गेला, खाली आला, पण कोणी घाबरलं नाही.

आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ साली, नसबंदीची सक्ती झाली. ती उलट दिशेची, पण सापळा तोच. घरात मोठी माणसं असतील तर विचारा, त्यानंतर सरकारी दवाखान्याची पायरी चढायलाही लोक किती वर्षं भीत होते.

दुसरा सापळा म्हणजे जिंकणाऱ्यालाच पुन्हा जिंकवणारा. जिच्याकडे दुकान आहे तिला कर्ज लवकर मिळतं, कारण ती फेडेल याची खात्री. त्या कर्जाने दुकान वाढतं. मग पुढचं कर्जही तिलाच. मजुरीवर जाणारी मैत्रीण दर महिन्याला तेवढीच बचत भरते, पण तिचे पैसे फिरतात दुसरीच्या दुकानात. यात दुकानवाली वाईट नाही आणि अध्यक्षही पक्षपाती नाही. फेराच तसा आहे. मोडायचा असेल तर पाळी लावण्याचा नियम करावा लागतो, आणि तो नियम नेमका कोणाला नको असतो हे तुम्ही ओळखलं असेल.

तिसरी गोष्ट हेतूची. आपलं काम चांगलं की वाईट, हे सगळीकडे एकाच गोष्टीवरून मोजलं जातं: परतफेड किती टक्के. शंभर टक्के असेल तर गट उत्तम, बँक खूश, पुढचं कर्ज मोठं. डोनेलाबाई म्हणत असत की व्यवस्थेला चुकीचं माप दिलंत तर ती इमानदारीने तेच माप पुरं करून देते. आणि आपल्याकडे काय होतं? बाईकडे गटाच्या हप्त्याला पैसे नसतात. दारात दर आठवड्याला वसुलीला येणारी एखादी कंपनी असते, ती झटपट कर्ज देते. त्यातून ती गटाचा हप्ता भरते. पुढच्या महिन्यात कंपनीचा हप्ता भरायला दुसरी कंपनी. गटाच्या वहीत मात्र सगळं वेळेवर, शंभर टक्के. तळ्यातला वेल पंचविसाव्या दिवसाला पोचलेला असतो आणि आपली वही सांगते की तळं स्वच्छ आहे.

व्याजाचा दर कमी केल्याने हे दिसणार नाही. हप्ता चुकवणाऱ्या बाईला दंड लावला तर ती आणखी लवकर कंपनीकडे जाईल. म्हणजे जोर उलट्या दिशेला. म्हणून आमच्या काही गटांनी या वर्षी मीटर तळघरातून दाराशी आणायचं ठरवलं. वहीत 'हप्ता भरला' या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला आहे: पैसे कुठून आले. मजुरी, दूध, शिलाई, मुलाने पाठवले, की उसने. उसने लिहिलं तर दंड नाही आणि बैठकीत कोणी टोमणा मारायचा नाही, असा ठराव करून घेतला. उसने लिहिणाऱ्या बाईचा हप्ता दोन महिने निम्मा घ्यायचा, असाही ठराव आहे. तो सगळ्यांना मान्य नाही. एक ताई सरळ म्हणाल्या, असं लिहिलं तर आपला गट बँकेच्या नजरेतून उतरेल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. परतफेड शंभराखाली आली तर पुढच्या कर्जाच्या वेळी अडचण येऊ शकते. बँकेपुढे हा रकाना कसा ठेवायचा, ठेवायचा की नाही, यावर गटांची बोलणी अजून चालू आहेत.

पहिल्या दोन महिन्यांत बऱ्याच जणींनी मजुरी आणि दूध लिहिलं. काहींनी उसने लिहिलं. काहींनी रकाना कोरा ठेवून नुसती सही केली आणि त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही.